गाव, शहर आणि मूत्रपिंड: शहापूर–मुरबाडच्या स्थलांतराचा आढावा

गाव सोडून शहरात राहायला गेलेल्या माणसाच्या मूत्रपिंडावर या बदलाचा परिणाम होतो, पण तो एकाच दिशेने होत नाही. शहरात वजन, रक्तदाब आणि रक्तातील साखर वाढते; या तिन्ही गोष्टी मूत्रपिंडाला घातक आहेत. त्याच शहरात सर्पदंशाची भीती उरत नाही, बाळंतपण रुग्णालयात होते, रक्त-लघवीच्या तपासणीचा अहवाल त्याच दिवशी हाती येतो; या गोष्टी मूत्रपिंडाला वाचवतात. कोणाच्या वाट्याला काय येणार, हे तो कोणत्या गावातून, कोणत्या वयात, कसे शरीर घेऊन आणि कसल्या कामासाठी निघाला यावर ठरते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत या प्रश्नाच्या बहुतेक सर्व बाजू एकत्र पाहता येतात, कारण येथे आदिवासी पाडे, भातशेतीची गावे, कारखाने आणि मुंबईची लोकल एकमेकांपासून काही किलोमीटरच्या अंतरावर आहेत.

मूत्रपिंडाचे काम आणि त्याचे मोजमाप

प्रत्येक मूत्रपिंडात नेफ्रॉन नावाचे सूक्ष्म गाळणी घटक असतात. त्यांची संख्या सरासरी दहा लाखांच्या आसपास असली तरी माणसामाणसांत मोठी तफावत आढळते. काहींत ती याच्या निम्म्याहून कमी, तर काहींत दुप्पट असते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा रक्तात परत घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. पाणी, क्षार आणि आम्ल यांचा समतोल, रक्तदाबाचे नियंत्रण, रक्तपेशी तयार करण्याची सूचना देणारे संप्रेरक आणि ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप ही सर्व कामे याच अवयवाकडे असतात. नष्ट झालेला नेफ्रॉन पुन्हा तयार होत नाही. उरलेल्यांना त्याचे काम वाटून घ्यावे लागते आणि जादा ताणाने तेही लवकर झिजतात.

गाळण्याचा दर मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली गेला, किंवा लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाणे यासारखे इजेचे चिन्ह दिसले, आणि ही स्थिती तीन महिन्यांहून अधिक टिकली, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंड विकार म्हणतात. हा आजार फार उशिरा बोलतो. पाय सुजणे, दम लागणे, मळमळणे, अंगाला खाज सुटणे ही लक्षणे दिसेपर्यंत बहुतेक कार्यक्षमता गेलेली असते. पोटात किंवा कमरेत दुखत नाही म्हणजे किडनी चांगली, हा समज म्हणूनच घातक ठरतो.

लवकर निदानासाठी दोन साध्या तपासण्या पुरतात: रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन. पहिलीचा अर्थ मात्र जपून लावावा लागतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. कमी प्रथिने खाणाऱ्या, बारीक अंगाच्या माणसात ते मुळातच कमी असते. त्यामुळे मूत्रपिंड बिघडू लागले तरी अहवालातील आकडा ठीक दिसू शकतो. चंडीगड येथील संशोधकांनी मूत्रपिंडदात्यांमध्ये प्रत्यक्ष मोजमाप करून दाखवले की पाश्चात्त्य लोकांवरून बसवलेली सूत्रे भारतीयांच्या गाळण्याचा दर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात. पाड्यावरून आलेल्या, पन्नास किलोंपेक्षा कमी वजनाच्या मजुराच्या बाबतीत ही चूक अधिक महत्त्वाची ठरते.

वाशिंद परिसरातील स्थलांतराचे प्रकार

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वे धावली. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत, १ ऑक्टोबर १८५५ रोजी, कल्याण ते शहापूर तालुक्यातील वाशिंद हा मार्ग खुला झाला. १८६१ मध्ये रेल्वे कसाऱ्याला पोहोचली. तेव्हापासून या भागातील माणसांचे शहराकडे जाणे सुरू आहे. पालघर वेगळा होण्यापूर्वीच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ कोटी १० लाखांवर होती आणि तीतील सुमारे ७७ टक्के शहरी होती. शहापूर आणि मुरबाड हे या शहरी जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, सह्याद्रीला टेकलेले ग्रामीण तालुके होत.

येथील स्थलांतराचे तीन प्रकार आरोग्याच्या दृष्टीने वेगळे धरावे लागतात. पहिला रोजच्या ये-जा करणाऱ्यांचा. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी येथून पहाटेची लोकल पकडून कल्याण, ठाणे, मुंबई गाठणारा माणूस राहतो गावात, पण खातो, काम करतो आणि थकतो शहरात. दुसरा हंगामी. दिवाळीनंतर शेतातली कामे संपली की कातकरी आणि ठाकूर कुटुंबे ठेकेदाराकडून उचल घेऊन भिवंडी, कल्याण, वसई भागांतील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तिसरा कायमचा: कुणबी, आगरी आणि इतर कुटुंबांतील पिढ्या कल्याण, डोंबिवली, ठाण्यात स्थिरावल्या. याशिवाय शहर स्वतःच गावात येते. वाशिंदचा पोलाद कारखाना, मुरबाडची औद्योगिक वसाहत, महामार्गालगतचे ढाबे आणि स्टेशनभोवती उभ्या राहिलेल्या इमारती यांमुळे घर न सोडताही माणसाचे राहणीमान बदलते.

गावातून सोबत आलेले

शहराचा परिणाम मोजण्यापूर्वी गावातून निघालेले शरीर कसे आहे हे पाहावे लागते. नेफ्रॉन आईच्या पोटातच तयार होतात आणि गर्भारपणाच्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास ही प्रक्रिया थांबते. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला जन्मतः कमी नेफ्रॉन मिळतात. बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडले की अशा माणसांत पुढे रक्तदाब आणि मूत्रपिंड विकार होण्याचा धोका अधिक असतो. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी या विचाराला आधार दिला.

महाराष्ट्रात याची दुसरी बाजू पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने उलगडली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता पोषणाचा अभ्यास सुरू झाला. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होते. इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत त्यांचे स्नायू आणि अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, पण आतून चरबीकडे झुकलेले हे शरीर जरा जास्त खाणे मिळताच मधुमेहाकडे वळते. याच अभ्यासात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध खाणाऱ्या मातांची बाळे अधिक भरलेली आढळली. शहापूर–मुरबाडच्या रानात पावसाळ्यात टाकळा, कुरडू, शेवळा, करटोली या भाज्या मिळतात. त्या गर्भवतीच्या ताटात नियमित असणे आणि गर्भारपणात तिला जड कामातून सूट मिळणे हा पुढच्या पिढीच्या मूत्रपिंडांचा पहिला उपचार आहे. ज्या गर्भवतीचे सहा महिने वीटभट्टीवर जातात, तिच्या बाळाला ही सवलत क्वचित मिळते.

गावात मूत्रपिंडाला थेट इजा करणारी कारणेही कमी नाहीत. घोणस आणि फुरसे या सापांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते. भातलावणी आणि कापणीच्या दिवसांत असे दंश अधिक होतात. मांत्रिकाकडे गेलेला प्रत्येक तास किडनीच्या जिवावर उठतो. जुलाबाने शरीरातील पाणी कमी होणे, चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो), फॅल्सिपेरम मलेरिया, बाळंतपणातील रक्तस्राव आणि जंतुदोष ही मूत्रपिंड तात्पुरते बंद पडण्याची जुनी कारणे. अशा प्रसंगातून माणूस वाचतो, लघवी सुरू होते आणि तो बरा झाला असे मानले जाते. पण त्याला पुढे दीर्घकालीन विकार होण्याचा धोका इतरांहून अधिक राहतो. या प्रसंगाची नोंद कुठेच राहत नाही आणि दहा वर्षांनी शहरातला डॉक्टर त्याला पहिल्यांदा पाहतो, तेव्हा कारण अज्ञात ठरते.

पाण्याचा प्रश्न वेगळा नमूद करायला हवा. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा, मुंबईच्या सात जलाशयांपैकी सर्वांत मोठे भातसा, तसेच वैतरणेवरील धरणे यांमुळे शहापूर हा मुंबईची तहान भागवणारा तालुका आहे. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. लांबून हंडा आणावा लागतो तेथे पाणी पिण्यातही काटकसर होते आणि उन्हाळ्यात मुतखड्याचा त्रास वाढतो. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, अकोला, बुलडाणा आणि अमरावती जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात, खारे भूजल पिणाऱ्या गावांत किडनीच्या आजाराची चिंता वर्षानुवर्षे व्यक्त होते आहे. तेथील माणूस गोड पाण्याच्या शहरात गेला तर त्याच्या मूत्रपिंडावरचा एक भार कमी होतो. गाव म्हणजे आरोग्य आणि शहर म्हणजे आजार ही सरधोपट मांडणी येथे टिकत नाही.

शहरात शरीरात होणारे बदल

गाव सोडल्यावर सर्वांत लवकर बदलतो तो रक्तदाब. केनियातील लुओ जमातीच्या लोकांचा अभ्यास या बाबतीत मूलभूत मानला जातो. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या खेड्यांतून नैरोबीला गेलेल्या माणसांना गाव सोडल्यापासून पाहिले गेले. काही महिन्यांतच त्यांचा रक्तदाब गावात राहिलेल्यांपेक्षा वाढला आणि लघवीत सोडियमचे प्रमाण पोटॅशियमच्या तुलनेत चढले. मिठाचे प्रमाण वाढले आणि भाज्या-फळांतून मिळणारे पोटॅशियम घटले, असा याचा अर्थ होतो.

वाशिंदच्या माणसाच्या खाण्यात हाच बदल होतो. तांदळाची किंवा नाचणीची भाकर, कडधान्याची आमटी, रानभाजी, ओढ्यातले मासे आणि खेकडे यांच्या जागी वडापाव, मिसळ, फरसाण, चायनीजची गाडी, पाकिटातले वेफर्स आणि दिवसातून अनेकदा साखरेचा चहा येतो. गावाकडचे जेवण बिनमिठाचे असते असे मात्र नाही. सुके बोंबील, सुकट, लोणचे आणि नुसत्या मिठावर खाल्लेला भात यांतून भरपूर मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे आणि भारतीयांचे सरासरी सेवन त्याच्या जवळपास दुप्पट आहे. फरक असा की गावात कष्टाने घाम जातो आणि पालेभाजीतून पोटॅशियम मिळते. शहरात मीठ राहते आणि त्याचा उतारा जातो.

वजन आणि साखरेबाबत भारतातीलच मोठा पुरावा उपलब्ध आहे. २००५ ते २००७ या काळात लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूर येथील कारखान्यांतील स्थलांतरित कामगार आणि त्यांची गावात राहिलेली सख्खी भावंडे यांची तुलना करण्यात आली. रक्त एक, बालपणाचे घर एक, फरक राहण्याच्या जागेचा. म्हणून हा अभ्यास मोलाचा. पुरुषांमध्ये मधुमेहाचे प्रमाण गावात ६.२ टक्के, स्थलांतरितांत १४.३ टक्के आणि मूळच्या शहरवासीयांत १३.५ टक्के आढळले. लठ्ठपणा गावात १९ टक्के, तर स्थलांतरितांत ३७.८ टक्के होता. स्थलांतरित माणूस शहरवासीयासारखाच झालेला होता. पुढील विश्लेषणात कालक्रमही दिसला: शरीरातील चरबी शहरातल्या पहिल्या दशकातच झपाट्याने वाढते, तर रक्तदाब आणि इन्सुलिन यांसारख्या गोष्टी पुढची अनेक वर्षे हळूहळू चढत राहतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण शहरांत १६.४ टक्के आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के होते.

मधुमेहात मूत्रपिंड आधी गरजेपेक्षा जास्त गाळते, मग लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागते आणि साधारण दहा-पंधरा वर्षांनी कार्यक्षमता ढासळते. विशीत गाव सोडलेल्या, पस्तिशीत मधुमेह झालेल्या माणसाची किडनी पन्नाशीत, म्हणजे मुले शिकत असताना, थकते. जन्मतः कमी नेफ्रॉन मिळालेल्यांत हा काळ आणखी आखडतो. टंचाईत घडलेले शरीर आणि सुबत्तेचे ताट यांची गाठ पडते तेथे धोका सर्वाधिक असतो.

कामाची जागा

स्थलांतर बहुतेकदा कामासाठीच होते, म्हणून मूत्रपिंडावरचा परिणामही बराचसा कामातून होतो. वीटभट्टीवर चिखल मळणे, विटा थापणे, वाहणे आणि भट्टी रचणे ही कामे मार्च ते मे या महिन्यांतही उघड्यावर चालतात. मोबदला हजार विटांमागे ठरतो, त्यामुळे सावलीत बसलेला आणि पाणी पिण्यात घालवलेला वेळ मजुरीतून जातो. शरीरातील पाणी घटले की मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी होते. कष्टाने झिजलेल्या स्नायूंतील द्रव्ये आणि युरिक आम्ल त्याच वेळी गाळणीवर येतात. संध्याकाळी अंग ठणकते म्हणून घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळी मूत्रपिंडाचा उरलासुरला रक्तपुरवठाही आक्रसवते. कोरडे शरीर आणि वेदनाशामक ही जोडी दोन्हींच्या स्वतंत्र परिणामांपेक्षा घातक आहे.

उष्णतेतील कष्ट आणि मूत्रपिंड यांचा संबंध प्रथम मध्य अमेरिकेत ठळक झाला. एल साल्वादोर आणि निकाराग्वाच्या किनारपट्टीवरील उसाच्या मळ्यांत मधुमेह किंवा रक्तदाब नसलेले तरुण तोडणी कामगार किडनी निकामी होऊन मरू लागले. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात आणि आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागात शेतकऱ्यांत अशाच प्रकारचा विकार दिसला. याचे नेमके कारण अजून वादात आहे. उष्णता आणि निर्जलीकरण, कीटकनाशके, पाण्यातील घटक, जड धातू या सर्वांचा विचार होतो आणि ठिकाणानुसार कारणांचे मिश्रण वेगळे असू शकते. तमिळनाडूतील मिठागर कामगारांच्या अभ्यासात उष्णतेचा ताण आणि मूत्रपिंडाची घटलेली क्षमता एकत्र आढळली. निकाराग्वातील साखर कारखान्यांवर पाणी, ठरावीक विश्रांती आणि सावली दिल्यावर कामगारांतील मूत्रपिंडाची इजा कमी झाली. म्हणजे कारणाचा वाद मिटण्याआधीही उपाय सुरू करता येतो.

आदिवासी मजुरांबाबत आणखी एक बाब आहे. राज्याच्या आदिवासी पट्ट्यांत सिकलसेलचे जनुक आढळते. या आजारात, आणि वाहकांतही काही प्रमाणात, मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची शक्ती कमी होते. अशा व्यक्तीला भट्टीवरच्या उन्हात इतरांपेक्षा लवकर निर्जलीकरण होते. भट्टीवर जाण्यापूर्वी सिकलसेल तपासणी झाली असणे यासाठी महत्त्वाचे.

शहरातील इतर कामांचे धोके वेगळे आहेत. भिवंडीच्या यंत्रमागांवर बंदिस्त उष्ण जागा आणि बारा तासांची पाळी असते. दगडखाणी आणि खडीच्या क्रशरवरील सिलिकाची धूळ फुप्फुसांबरोबर मूत्रपिंडाशीही निगडित आहे. जुन्या बॅटऱ्या फोडण्यातून शिसे, मुलामा देण्याच्या कामातून कॅडमियम शरीरात जाते. हे दोन्ही धातू मूत्रपिंडात साठतात. रात्रपाळीने झोप मोडते, रक्तदाब आणि साखर बिघडते. शहरी हवेतील सूक्ष्म कणांचा आणि मूत्रपिंड विकाराचा संबंधही अलीकडच्या मोठ्या अभ्यासांत दिसला आहे.

स्त्रिया आणि रोजचा प्रवास

स्त्रियांच्या बाबतीत प्रवास आणि कामाची जागा यांचा भार अधिक पडतो. वाशिंद मुंबईपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि लोकलमध्ये शौचालय नसते. घरकाम, बाजारातील विक्री, कारखान्यातील पॅकिंग किंवा कार्यालयीन काम करणाऱ्या स्त्रिया घरून निघताना आणि दिवसभर पाणी कमी पितात, लघवी रोखून धरतात. वीटभट्टीवर तर आडोसा मिळणेही कठीण. लघवीच्या मार्गाचा वारंवार होणारा जंतुसंसर्ग आणि मुतखडा यांना त्यामुळे वाट मिळते. वारंवार ताप, थंडी आणि कमरेत दुखण्यासह आलेला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला असू शकतो.

गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिन गेलेल्या स्त्रीला पुढील आयुष्यात मूत्रपिंड विकाराचा धोका अधिक असतो. बाळंतपण गावी माहेरी, नोंदणी शहरात आणि नंतरचे आयुष्य तिसऱ्याच ठिकाणी, अशा विभागणीत बाळंतपणानंतरची रक्तदाब तपासणी राहून जाते.

पावसाळ्यात शहरही जुन्या संसर्गांपासून मुक्त नसते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण मोठ्या संख्येने वाढले आणि अनेकांत मूत्रपिंडाला इजा झाली. साचलेल्या पाण्यातून चालत जाणारा चाकरमानी आणि चिखलात लावणी करणारा शेतकरी यांना एकच जंतू गाठतो. शहरी सवयींतून आलेली काही नवी कारणेही आहेत. पारा असलेल्या गोरेपणाच्या क्रीममुळे लघवीतून प्रथिन जाऊ लागलेले रुग्ण केरळमधील डॉक्टरांनी नोंदवले आहेत. पाऱ्याची बेभरवशाची भस्मे गावात आणि शहरात दोन्हीकडे विकली जातात.

आकडे परस्परविरोधी का दिसतात

शहरात मधुमेह दुपटीच्या आसपास असेल, तर मूत्रपिंड विकारही तेथेच जास्त असावा, असा तर्क होतो. पुरावा इतका सरळ नाही. देशातील १३ केंद्रांवरील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या व्यक्तींपैकी १७.२ टक्के लोकांत दीर्घकालीन मूत्रपिंड विकार आढळला. त्यात शिबिरांना स्वतःहून आलेल्या लोकांचा भरणा असल्याने तो आकडा संपूर्ण देशाला लावता येत नाही. अलीकडे अनेक भारतीय अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात तर ग्रामीण भागातील प्रमाण शहरांपेक्षा जास्त निघाले.

याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. गावातील मूत्रपिंड उष्णता, पाणी, संसर्ग, सर्पदंश आणि वेदनाशामकांनी झिजते. मधुमेह कमी असला तरी तो उशिरा कळतो आणि नियंत्रणाबाहेर राहतो. शहराकडे निघतो तो बहुधा तरुण आणि धट्टाकट्टा असतो, म्हणून स्थलांतरितांची सरासरी सुरुवातीला चांगली दिसते. पुढे काम झेपेनासे झाले, आजार बळावला की तोच माणूस गावी परततो. कमाईच्या वर्षांत शहरात झालेली झीज अशा रीतीने गावाच्या आकड्यांत जमा होते. गाळण्याचा दर एकदाच मोजून निष्कर्ष काढण्याची पद्धत, क्रिएटिनिनच्या सूत्रांतील त्रुटी आणि प्रयोगशाळांतील फरक हे यात भर घालतात.

घानामधील लोकांवर झालेला रोडॅम अभ्यासही हेच सांगतो. घानातील खेडी आणि शहरे, तसेच ॲमस्टरडॅम, बर्लिन, लंडन येथे राहणाऱ्या एकाच समाजाच्या लोकांची तुलना केली असता युरोपात गेलेल्यांत लठ्ठपणा जास्त, पण मूत्रपिंड विकार मायदेशातील लोकांपेक्षा कमी आढळला. वजन वाढूनही रक्तदाब-मधुमेहावर उपचार मिळण्याची शक्यता तेथे अधिक होती. स्थलांतर झालेल्या ठिकाणी आरोग्यसेवा कितपत पोहोचते, हा परिणाम ठरवणारा मोठा घटक आहे.

उपचार आणि तुटणारा धागा

मूत्रपिंड विकाराची गती कमी करणारी औषधे आज उपलब्ध आहेत. रक्तदाब कमी करतानाच लघवीतील अल्ब्युमिन घटवणारी एनालाप्रिल, टेल्मिसार्टन या गटांतील औषधे स्वस्त आहेत. मधुमेहासाठी आलेल्या डापाग्लिफ्लोझिन या औषधाने मधुमेह नसलेल्या रुग्णांतही मूत्रपिंडाची झीज मंदावते, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिद्ध झाले. भारतात पेटंट संपल्यावर त्याची किंमतही उतरली. ही औषधे रोज, वर्षानुवर्षे आणि देखरेखीखाली घ्यावी लागतात. स्थलांतरिताची अडचण नेमकी येथे आहे. वाशिंदच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात सुरू झालेली गोळी भट्टीवर गेल्यावर संपते. कल्याणच्या खासगी दवाखान्यात नवीन कागद होतो. जुना कागद गावच्या घरी पत्र्याखाली राहतो.

विमा आणि कायद्याचे संरक्षणही कामाच्या प्रकारावर अवलंबून आहे. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांतील, महिन्याला २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत येतो. वीटभट्टीवरील नवरा-बायकोची जोडी, नाक्यावरचा मजूर, घरकाम करणारी बाई प्रत्यक्षात तिच्या बाहेरच राहतात.

किडनी निकामी झाल्यावर डायलिसिस किंवा प्रत्यारोपण हे दोनच मार्ग उरतात. डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. केंद्र सरकारचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला आणि महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून हा उपचार मोफत मिळतो. तरीही डोळखांब, किन्हवली, टोकावडे किंवा धसईच्या आतल्या पाड्यांतील रुग्णाला आठवड्यातील तीन दिवस प्रवासात घालवावे लागतात, सोबतच्या माणसाचाही खाडा पडतो. पोटाच्या पोकळीतून घरी करायचे डायलिसिस अशा दूरच्या रुग्णांना सोयीचे असते, पण त्यासाठी स्वच्छ जागा, द्रवाच्या पिशव्यांचा अखंड पुरवठा आणि प्रशिक्षण लागते. उपचारासाठी अनेक कुटुंबे उलट दिशेने, गावाकडून शहरातील नातेवाइकांच्या खोलीत, स्थलांतर करतात. आजारामुळे होणारे हे स्थलांतर मोजणीत सहसा येत नाही.

प्रतिबंधाचे टप्पे

स्थलांतरिताचे मूत्रपिंड वाचवण्याची कामे निघण्याचे गाव, कामाची जागा आणि राहण्याचे शहर अशा तिन्ही ठिकाणी विभागलेली आहेत.

गावात पहिले काम गर्भवतीच्या पोषणाचे आणि कमी वजनाच्या बाळांच्या नोंदीचे. जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी असलेल्या व्यक्तीचा रक्तदाब तरुणपणापासूनच तपासला जावा. सर्पदंश, लेप्टो किंवा जुलाबाने मूत्रपिंड एकदा बंद पडलेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन आणि लघवी तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा पाहावी. दिवाळीनंतर भट्टीला निघणाऱ्या कुटुंबांची तपासणी आशा कार्यकर्ती आणि आरोग्य उपकेंद्र यांना निघण्याआधी करता येते, कारण निघण्याचा हंगाम ठरलेला असतो. तिशीवरील सर्वांच्या रक्तदाब आणि साखर तपासणीची सोय सरकारी कार्यक्रमात आहेच. तिला लघवीतील अल्ब्युमिनच्या पट्टीची जोड दिली तर मूत्रपिंडाचा आजार लवकर हाती लागतो.

कामाच्या जागी पिण्याचे थंड पाणी हाताशी असणे, दुपारच्या कडक उन्हात सुट्टी, सावलीचा मांडव, स्त्रियांसाठी शौचालय आणि विश्रांतीच्या वेळेचीही मजुरी या पाच गोष्टी हव्यात. मुकादमाकडे किंवा किराणा दुकानात मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांबाबत मजुरांना स्पष्ट सांगायला हवे. उन्हात राबलेल्या दिवशी आधी पाणी आणि विश्रांती, गोळी डॉक्टरच्या सल्ल्याने. मुतखडा आणि लघवीच्या संसर्गाच्या तक्रारी एकाच जागी वारंवार येऊ लागल्या, तर ती त्या जागेच्या पाण्याविषयीची आणि शौचालयाविषयीची सूचना समजावी.

शहरात पहिली दहा वर्षे निर्णायक आहेत. याच काळात वजन वाढते, पण मूत्रपिंडाची झीज अजून थांबवता येण्याजोगी असते. मीठ, फरसाण आणि साखरेचा चहा कमी करणे, घरच्या भाकरी-भाजीचा डबा टिकवणे, तंबाखू सोडणे आणि वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन आणि लघवी तपासणे एवढ्याने बहुतेकांचा धोका पुष्कळ घटतो. मधुमेह किंवा रक्तदाब आधीच असेल तर लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी दरवर्षी चुकवू नये, आणि औषध बरे वाटले म्हणून थांबवू नये. पंचेचाळिशीनंतर गावी परतणाऱ्यांनी शेवटचे अहवाल आणि औषधांची यादी सोबत न्यावी.

या तिन्ही टप्प्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे नोंद. जन्मवजन, झालेले गंभीर आजार, रक्तदाब, क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिन आणि चालू औषधे एवढ्या सहा बाबी एका कार्डावर किंवा डिजिटल आरोग्य खात्यात माणसाबरोबर फिरल्या, तर पाड्यावरची परिचारिका, भट्टीजवळचा दवाखाना आणि शहरातील रुग्णालय एकाच माणसावर एकच उपचार चालू ठेवू शकतील. शहापूर आणि मुरबाडच्या स्थलांतराचे मार्ग आणि हंगाम माहीत आहेत, तपासण्या स्वस्त आहेत आणि औषधे उपलब्ध आहेत. मूत्रपिंडाच्या आजारात गमावलेले परत मिळत नाही. म्हणून तपासणीची वेळ लक्षणे दिसल्यावरची नसून गाव सोडतानाची आणि शहरात स्थिरावल्यानंतरच्या प्रत्येक वर्षाची आहे.